पुंडलिकनगरातला समुद्र

बद्रीनाथ गाडेकर सरांच्या हॉलमधला समुद्र एकोणिसाव्या दिवशी सकाळी तपकिरी झाला आणि सर घाबरले.

तशी संकटांची त्यांना सवय होती. सव्वीस वर्षं हायस्कूलवर भूगोल शिकवलेल्या माणसाने भूकंप, ज्वालामुखी, वाळवंटांचा विस्तार असलं बरंच काही पचवलेलं असतं. पण ते सगळं पुस्तकात आणि दुसऱ्यांच्या देशात होतं. ही आपत्ती टीव्हीच्या शेजारी, लोखंडी स्टँडवरच्या तीन फुटी काचेच्या पेटीत घडत होती आणि तिला जबाबदार दुसरं कुणी नव्हतं.

मराठवाड्यावर अन्याय झाला, हे सरांचं जुनं मत. ते एकट्या सरांचं नाही हे खरं, पण सरांची तक्रार जरा वेगळी होती. रस्त्यांचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, रेल्वेचा अनुशेष, यांवर समित्या बसल्या, उठल्या, चहा पिऊन गेल्या. समुद्राच्या अनुशेषाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. "आपण महाराष्ट्रात विनाअट सामील झालो," सर स्टाफरूममध्ये म्हणत. "एक अट घालायला हवी होती. निदान चार किलोमीटर किनारा." पोलीस ॲक्शनला इतकी वर्षं लोटली तरी तो किनारा आला नाही, म्हणून शेवटी सरांनी तो औरंगपुऱ्यातल्या मोईनभाईंच्या दुकानातून आणला. काचेची पेटी, पंप, दिवा, खास समुद्री मिठाच्या पिशव्या, भगव्या अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि एक समुद्रातला दगड. ज्या जिल्ह्यात लोकांनी अख्खे डोंगर कोरून ठेवले, तिथे दगड विकत आणणारे सर पहिलेच, असं त्यांच्या सौभाग्यवती लक्ष्मीबाई म्हणाल्या. सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पाणी टँकरचं. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात, भर मे महिन्यात, नळाच्या भरवशावर समुद्र काढणं शक्यच नव्हतं. गल्लीला टँकर आणणारा बिरू दौलताबादच्या खालच्या अंगाच्या एका विहिरीवरून पाणी भरून आणी. गल्लीच्या पाणी समितीचे अध्यक्ष स्वतः सरच असल्यामुळे पाइप आधी कुणाच्या दारात जायचा याचे वाद तेच सोडवत. आपल्या वाट्याच्या पाण्यातून त्यांनी पेटी भरली, मीठ कालवलं आणि खुर्ची टाकून समुद्रकिनारी बसले. अठरा दिवस ते सुखात होते.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी मोईनभाईंना फोन लावला.

"कायकू घबरारे सर?" मोईनभाई म्हणाले. "नवी टाकी है, ऐसाच होता. भूरा आता, चला जाता."

"आणि हिरवं आलं तर?"

"हरा आया तो थोडा घबराओ."

"आणि लाल?"

"लाल आया तो मेरेकू बताओ सर. मैं भी देखा नहीं अब तक. समंदर की टाकी मेरे दुकान से तुमीच पैले लिए ना."

आपला डॉक्टर आपल्यावरच शिकतो आहे, हे कळल्यावर रोग्याला जे वाटतं ते सरांना वाटलं.

तपकिरी गेलं, हिरवं आलं. आधी दगडावर लव फुटावी तसं, मग बोटभर, मग वीतभर, आणि पंपाच्या धारेत हलायला लागलं. सर रोज सकाळी उठले की चूळसुद्धा न भरता पेटीसमोर जाऊन उभे राहत. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी. काल कुठपर्यंत होतं, आज कुठपर्यंत आलं, हे नजरेनेच मोजत. मग एक उसासा टाकून लक्ष्मीबाईंच्या जुन्या टूथब्रशने काच घासत. तो जुना नव्हता हे नंतर कळलं.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की भीती वाटणारे ते एकटेच होते. मे महिन्यात पुंडलिकनगरात हिरवं काही दिसणं म्हणजे शुभवार्ता. जो तो दारात थबकायचा आणि सरांचं अभिनंदन करायचा.

"आरारा! सर, लई झ्याक आलंय की!" खांद्यावर टँकरचा पाइप घेऊन बिरू उंबऱ्यातच उभा राहिला. तीन पिढ्या मेंढरांमागे फिरलेल्या घरातला माणूस. हिरव्याकडे बघून त्याचे डोळे ओले झाले. "आमच्या मेंढरांनी असलं सपनातबी बघितलं नसंल. दोन आणू का सोडायला?"

"अरे, हा रोग आहे, बिरू."

"आसल्या रोगानं आमचं गाव भरून जाऊ द्या, सर," बिरू म्हणाला आणि हात जोडून पाइप ओढायला गेला.

शेजारचे तात्यासाहेब भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांच्या बांधावर उभं राहून सल्ले दिले होते. ती सवय पेन्शनीत बंद होत नाही. त्यांनी खिशातून टेप काढून शेवाळाची उंची मोजली, "साडेसहा इंच" असं जाहीर केलं आणि म्हणाले, "तुरटी फिरवा."

"मासे आहेत आत."

"मग तांब्याचा तुकडा टाका. आमच्या आडात आमच्या आजोबांनी टाकला होता. शेवाळ औषधाला राहिलं नाही."

हे शास्त्रीय वाटलं. सरांनी देवघरातली तांब्याची पळी उचलली, पण टाकण्याआधी खबरदारी म्हणून फोन केला.

"तांबा?" मोईनभाई इतके ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. "सर, मछली का जनाजा निकालते क्या?"

पळी देवघरात परत गेली. आपण खून करता करता वाचलो, आणि साक्षीदार म्हणून देवघरातला बाळकृष्ण समोरच होता, हे त्यांच्या मनातून जाईना.

अठ्ठाविसाव्या दिवशी लाल आलं.

ते झाडासारखं नव्हतं, दुधावर साय धरावी तसं होतं. जांभळट लाल, बुळबुळीत, दगडावर, वाळूवर, काचेवर पसरलेलं. त्यावर बारीक बारीक बुडबुडे येत आणि फुटत. बघता बघता सरांच्या लक्षात आलं, ते श्वास घेतं आहे. दोन माशांपैकी धाकटा कोपऱ्यात वर तोंड करून लटकला होता. थोरला त्याच्याभोवती चकरा मारत मध्येच सरांकडे बघायचा. त्या नजरेत आरोप होता असं म्हणता येणार नाही, माशांच्या चेहऱ्यावर तेवढी सोय नसते. पण सरांना वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखं वाटलं. या दोन जीवांना आपण समुद्रातून उचलून समुद्र नसलेल्या जिल्ह्यात आणलं. आता ते आपल्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी मरणार.

"पानी टेस्ट करालो सर, फौरन," मोईनभाई म्हणाले. "खाद जैसा कुछ जारा क्या उसमें?"

घरी पाणी तपासायचा संच मागवला तर यायला पंधरा दिवस. सरांचा तसाही खासगी गोष्टींवर विश्वास नव्हता. ज्या कागदावर गोल शिक्का असतो, तोच खरा. त्यांनी धुतलेल्या बाटलीत पाणी भरलं आणि पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. स्रोत: नळ, विहीर, बोअर, टँकर. योग्य तिथे खूण करा.

"समुद्र कुठे लिहू?" सरांनी विचारलं.

बाईंनी वर बघितलं. "कुठला समुद्र?"

"आहे एक. घरगुती."

"समुद्राचा रकाना नाय, सर."

"मग 'इतर'?"

"इतर ठेवलाच नाय. इतर आलं की वर पाठवावं लागतं, आन वरून परत खाली येतंय. चारपैकी एक करा."

सरांना खोटं लिहिता येत नव्हतं, हा त्यांचा दोष. पाणी मुळात टँकरचंच होतं. त्यांनी 'टँकर'वर खूण केली, गल्लीचा पत्ता लिहिला आणि 'तपासणीचे कारण' या ओळीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर पाण्यामुळे दोन जीवांस गंभीर धोका निर्माण झाला आहे.

शब्द न् शब्द खरा होता.

चौथ्या दिवशी टँकर आला नाही. बिरूचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता.

"सर, इहिरीला सील ठोकलं! म्हनत्यात पान्यात मीठ हाय, खत हाय. आपल्या गल्लीत दोन जीव गेले म्हनं!"

"गेले?" सरांनी पेटीकडे बघितलं. दोघेही होते.

"असं सायेब म्हनले. कोन गेलं, सर? म्हाताऱ्यांपैकी हाय का?"

दुपारच्या टपालाने अहवालाची प्रत आली. क्षार: यंत्राच्या मर्यादेपलीकडे. रासायनिक खताचे अंश: धोकादायक. जैविक वाढ: विपुल. शेरा: पिण्यास पूर्णतः अयोग्य, स्रोत तात्काळ बंद करावा. सरांनी तो तीनदा वाचला. समुद्र पिण्यास अयोग्य आहे हे ते सव्वीस वर्षं शिकवत होते. त्यावर इतकी तातडीची कारवाई होईल असं कुठल्याही इयत्तेच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली, घडीची घडी केली आणि नकाशांच्या गुंडाळीत खोचली. आता त्यांना शेवाळाची भीती राहिली नव्हती. आता माणसांची होती.

संध्याकाळी गल्ली सरांच्याच हॉलमध्ये जमली, कारण अध्यक्ष तेच. पेटी सगळ्यांनी पाहिलेली होती, पण आज ती कुणाला आठवू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी घाईघाईने तिच्यावर सोलापुरी चादर टाकली. तात्यासाहेबांनी चहाचा कप तिच्यावर ठेवला.

"हे काय घुरघुरतंय?" त्यांनी विचारलं.

"कूलर," सर म्हणाले. कूलर समोरच्या भिंतीला होता आणि बंद होता. तात्यासाहेबांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि कप उचलला.

मधल्या घरातल्या वच्छलाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी सात माणसं आणि दोनच ड्रम. "कोन मुडदा बशिवला त्यो बाटली घिऊन जानारा? नुसतं नाव कळू द्या, सर. त्याच्या दारात घागरी न्हाय फोडल्या तर नावाची वच्छला न्हाय!"

"हो, हो," सर म्हणाले. त्यांना तहान लागली होती, पण त्या सभेत पाणी मागण्याची छाती झाली नाही.

एकमताने ठरलं की निवेदन द्यायचं, आणि अक्षर चांगलं असल्यामुळे ते सरांनीच लिहायचं. तात्यासाहेब मजकूर सांगत गेले. सर लिहीत गेले. 'खोडसाळपणे नमुना सादर करून नागरिकांना तृषार्त ठेवणाऱ्या सदर समाजकंटकाचा शोध घेऊन त्याच्यावर कठोर कारवाई व्हावी.' समाजकंटकातला 'टक' लिहिताना पेन अडखळलं.

"ठळक करा ते," तात्यासाहेब म्हणाले. सरांनी ठळक केलं.

दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन सर एकटेच कार्यालयात गेले. इतरांना ते म्हणाले, उन्हाचं कशाला सगळ्यांनी. तपासनीस रामकिसन ढगे हा तिशीतला, घामाघूम झालेला गृहस्थ. सरांनी निवेदन टेबलावर ठेवलं, दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हा जो समाजकंटक आहे ना, तो मी."

मग सगळं सांगितलं. ढगे हसला नाही, हीच भीतीदायक गोष्ट होती. त्याने उठून खिडकीही लावली.

"मासे?"

"दोन."

"सर, वर 'दोन जीव' म्हणून गेलंय. वरून आणखी वर गेलंय. आता मी मासे म्हणून खाली आणू? माझी नोकरी जाईल की!"

"मग अहवाल मागे घ्या."

"अहवाल मागं घेता येत नाय. शिक्का पडलाय." ढगेने कपाळ पुसलं. "एकच वाट हाय. त्याच स्रोताचा दुसरा नमुना पिण्यायोग्य आला की प्रकरण बंद."

"पण तो स्रोत माझ्या हॉलमध्ये आहे."

"मग हॉलमधलं प्यायजोगं करा. परवा सकाळी मी येतो बाटली घेऊन. आन सर, हे आपल्या दोघांतच."

सर घरी आले आणि त्यांनी पेटीवरची चादर काढली. धाकटा मासा अजून कोपऱ्यात लटकलेला. प्यायच्या पाण्यात हे दोघे पाच मिनिटं जगणार नाहीत. खाऱ्या पाण्यात गल्ली जगणार नाही. गल्लीत सात घरं, वच्छलाबाईंचे दोन रिकामे ड्रम, मागच्या घरातली बाळंतीण. सरांनी हिशेब करायचं सोडून दिलं. त्यांनी मोईनभाईंना फोन केला आणि झाकणाचा डबा शोधायला लागले.

माशांना खाऱ्या पाण्यासकट डब्यात घेतलं. लक्ष्मीबाई स्कूटरवर मागे बसल्या, डबा मांडीवर धरून. पुंडलिकनगर ते औरंगपुरा या रस्त्यावर जितके गतिरोधक आहेत त्या प्रत्येकाला त्या "हळू, ओ!" म्हणाल्या. इतक्या वर्षांत सरांच्या पाठीची काळजी त्यांनी इतक्या वेळा केली नव्हती. मोईनभाईंनी दोघांना आपल्या लहान खाऱ्या टाकीत सोडलं. धाकटा मासा तळाशी गेला, तिथेच थांबला, आणि मग वर येऊन एक दाणा उचलून गेला.

"बच जाएगा," मोईनभाई म्हणाले. सरांनी चष्मा पुसला. उन्हातून आल्यावर पुसावा लागतो.

घरी परतून सरांनी धोतराचा एक जुना तुकडा घेतला, बाही सरसावली आणि पेटीत हात घातला. हिरवं उपटायला सुरुवात केली तशी आतल्या खोलीतून त्यांच्या आई मनकर्णाबाई काठी टेकत आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पण नजर शाबूत.

"आरं, आरं! ऐन पीक आलं आन उपटतोस?"

"पीक नाही, आई. शेवाळ आहे."

"काय बी आसू दे. एवढं मेहनतीनं आणलं म्या."

सरांचा हात पाण्यातच थांबला. "कुणी आणलं?"

"मंग काय आपुआप आलं?" मनकर्णाबाई सोफ्यावर टेकल्या. "तू रोज सकाळी उठून हितं उभा. हात मागं बांधून, मान वाकडी करून. तुझा बाप अस्साच उभा राहायचा बांधावर, पिकानं डोकं वर काढलं न्हाय की. बोलायचा न्हाय, नुसतं बघायचा. म्या म्हनलं, पोराला पिकाची काळजी लागलीया. सांडूनं गावाहून कुंड्यांसाठी अठरा-सेहेचाळीस धाडलंय न्हवं का, त्यातलं चिमूटभर टाकत हुते. रोज. तू आंघोळीला गेलास की."

अठरा-सेहेचाळीस म्हणजे खत. धाकट्या भावाने, सांडूने, पाठवलेली पिशवी गॅलरीत होती. सर रोज तिला वळसा घालून चपला काढत. अहवालातले खताचे अंश टँकरचे नव्हते, विहिरीचे नव्हते.

"ॲक्शनच्या साली," आई पुढे म्हणाल्या, "आम्ही तीन दिवस ज्वारीच्या पेवात दडलो हुतो. तवा बी माझ्या बापाचं त्वांड आसं उतरलं न्हवतं, जसं तुझं रोज सकाळी उतरायचं. मला बघवंना."

सरांच्या मनात एक मोठं, शास्त्रीय, भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल असं वाक्य तयार झालं होतं. ते त्यांनी गिळलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "भरघोस आलं होतं."

"मंग!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "हात हाय माझा."

रात्र होण्याआधी पेटी तीनदा धुवून झाली. मग लक्ष्मीबाईंनी प्यायच्या पाण्याचे दोन जार, जे त्यांनी बाळंतिणीसाठी म्हणून दडवून ठेवले होते, त्यातला एक उचलून पेटीत रिकामा केला. दुसरा जार त्यांनी सरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी पुन्हा दडवला.

तिसऱ्या दिवशी ढगे आला, पेटीतून पाणी घेतलं, बाटलीला लाख लावून शिक्का मारला. "स्रोताचं नाव तेच ठेवतो," तो कुजबुजला. "फक्त जागेचं वर्णन नेमकं लिहावं लागेल." सर म्हणाले, लिहा, लिहा. नेमकेपणाबद्दल त्यांना आदरच होता. आणखी दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नमुना पिण्यास योग्य, प्रकरण बंद. त्या दुपारी सर तीन आठवड्यांनी पहिल्यांदा निवांत झोपले.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी भांड्यांचा आवाज झाला. टँकर आला, असं समजून सर हसऱ्या चेहऱ्याने दार उघडायला गेले.

टँकर नव्हता. फाटकापासून थेट तात्यासाहेबांच्या घरापर्यंत घागरी, कळशा, ड्रम आणि माणसं होती. सगळ्यात पुढे वच्छलाबाई.

"सर, कागद लागलाय कोपऱ्यावर," त्या म्हणाल्या. आवाज विलक्षण गोड होता, त्यामुळे सर एक पाऊल मागे सरकले. "तुमचं पानी सरकारनं पास केलंय म्हनं. आमाला ठावंच नव्हतं, आध्यक्षांच्या घरात झरा हाय म्हनून."

सरांनी खिशातल्या फोनवरून ढगेला गाठलं. "प्रकरण बंद झालं ना?"

"झालं की, सर."

"मग विहीर?"

"सीलचं टेबल वेगळं हाय, सर. तिकडं स्वतंत्र अर्ज लागतो. तवर नागरिकांची गैरसोय नको, म्हणून जो स्रोत पास झाला तो जाहीर करावाच लागतो. नियमच हाय." पलीकडे कुणीतरी आलं असावं, फोन बंद झाला.

तात्यासाहेबांनी रांगेतून येऊन कोपऱ्यावरून काढून आणलेला कागद सरांच्या हातात दिला. आयुष्यभर सरकारी कागद वाचलेल्या माणसाच्या गांभीर्याने ते सरांच्या खांद्यावरून पुन्हा वाचू लागले. खाली गोल शिक्का होता. 'पुढील आदेश होईपर्यंत नागरिकांनी केवळ खालील स्रोतातून पाणी घ्यावे. स्रोत: श्री. बद्रीनाथ गाडेकर यांचा हॉल, टीव्हीच्या डाव्या बाजूस.'

आत मनकर्णाबाईंनी तांब्या घेऊन पेटीचं झाकण काढलेलं दिसत होतं. "या बायांनो," त्या म्हणत होत्या, "एकेकीनं या, ढकलू नका."

तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं.

"सर," तात्यासाहेबांनी कागदावर बोट ठेवलं, "ही एक ओळ वाचली का?"

सर चष्मा सावरून खाली वाकले. स्रोताचा प्रकार असा रकाना होता. त्यात दोन पर्याय छापलेले होते, हंगामी आणि बारमाही. खूण 'बारमाही'वर होती.